डावीकडून येणारा चेंडू

ज्या अकरा माणसांची चाल मी माझ्या नवऱ्याच्या चालीपेक्षा चांगली ओळखत होते, त्यांना मी कधी भेटले नाही. त्यांचं गाव इंग्लंडच्या उत्तरेला आहे, मी डब्लिनजवळ क्लोनडॉकिनला राहते, मधे समुद्र. विमानात बसून चहा मागवावा तर कप हातात येईपर्यंत उतरायची वेळ होते, एवढंच अंतर. तरी गेले नाही. आमच्या कामात तसं जाणं बरं दिसत नसे, आणि दुसरं म्हणजे सामने शनिवारी असायचे आणि शनिवारी मी ऑफिसात.

आमच्या मराठी मंडळात कुणी नवीन आलं आणि विचारलं, "मंजिरीताई काय करतात?" की अभय, म्हणजे माझा नवरा, शांतपणे सांगायचा, "फुटबॉल बघते."

"हो, पण नोकरी?"

"तीच नोकरी."

समोरचा हसायचा आणि मग मी हसत नाही हे पाहून विषय बदलायचा. मंडळातले निम्मे लोक सॉफ्टवेअरमधले. कामाचं नाव जितकं लांब तितकी इज्जत जास्त, असा त्यांचा हिशेब. माझ्या कामाला सांगण्यासारखं नावच नव्हतं. गणपतीचे दिवस, दिवाळी पहाट, सगळ्यांना शनिवारच सोयीचा, आणि मी दर वेळी गैरहजर. "टीव्ही बघायला जाते म्हणून आली नाही," असं कुणीतरी म्हणाल्याचं माझ्या कानावर आलं होतं. ते खोटं होतं असं म्हणता येणार नाही.

तर काम असं. चेरीवूडच्या बिझनेस पार्कमध्ये एक मोठा हॉल, त्यात जोडीजोडीनं मांडलेली टेबलं. प्रत्येक जोडीला एक सामना. एकानं एक संघ धरायचा, दुसऱ्यानं दुसरा. सामना चालू असताना आपल्या संघातल्या कुणाचाही चेंडूला स्पर्श झाला की लगेच नोंद करायची: कुणाचा, मैदानात कुठे, पायानं की डोक्यानं, पुढे कुणाकडे गेला. नंतर तिसरा माणूस सगळं तपासतो. ही माहिती विकत घेणारे म्हणजे क्लब, वर्तमानपत्रं, टीव्हीवाले आणि सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे पैजा लावणाऱ्या कंपन्या. त्यामुळे आमच्यावर नियम कडक. पैज लावायची नाही. क्लबच्या किंवा खेळाडूच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. काय झालं तेवढं लिहायचं, का झालं ते आपल्याला विचारायचं नाही.

मी या कामाला लागले ती क्रिकेटमुळे. पुण्यात माझे वडील क्लबच्या सामन्यांना पंच म्हणून उभे राहायचे आणि मी बाउंडरीपाशी गुण लिहीत बसायचे. पुढे तेच अंगवळणी पडलं. क्रिकेटात अशी पद्धत आहे की पंचानं खूण केली की स्कोअररनं हात वर करून "पाहिलं" म्हणून कळवायचं; हात वर झाल्याशिवाय पंच पुढचा चेंडू टाकू देत नाही. चेरीवूडला पहिल्या आठवड्यात पडद्यावरच्या रेफरीनं हात वर केला की माझाही हात आपोआप वर जायचा. माझ्या जोडीला डेक्लन होता. क्लोनडॉकिनचाच, माझ्या वयाचा, पूर्वी टपाल वाटायचा. त्यानं दोन-तीनदा पाहिलं आणि हळूच म्हणाला, "मंजिरी, इथे बाथरूमला जायला परवानगी लागत नाही. खुशाल जा."

क्रिकेटनं आणखी एक खोड लावली होती. तिथे प्रत्येक धावेला कुणीतरी धनी असतो, आणि नसला तर ती अवांतरमध्ये जाते. वाऱ्यावर काहीच सोडत नाहीत. एका सामन्यात मैदानात कुत्रं शिरलं आणि त्यानं नाकानं चेंडू थेट आमच्या संघाच्या माणसाकडे ढकलला. पास उत्तम होता. मी आमच्या सुपरवायझरला, ऑर्लाला, विचारलं की हे अवांतरमध्ये कुठे टाकू. ऑर्ला कधी फारशी हसत नसे. ती म्हणाली, "कुत्र्याचा करार झालेला नाही. सोडून दे."

एकदा एका खेळाडूच्या एजंटचा फोन आला. चेंडू त्या खेळाडूच्या पाठीला लागून जाळ्यात गेला होता आणि डेक्लननं गोल दुसऱ्याच्या नावावर टाकला होता. एजंटचं म्हणणं, पाठ मुद्दामच तशी फिरवली होती. आम्ही तिघं ती पाठ पुन्हापुन्हा बघत बसलो. पाठीच्या मनात काय होतं ते कसं कळणार? शेवटी ऑर्लानं गोल पाठीला दिला.

मला मिळालेला क्लब चौथ्या पायरीवरचा. इंग्लंडचं फुटबॉल म्हणजे शिडी आहे. दर हंगामाच्या शेवटी वरचे चढतात, तळाचे उतरतात. चौथी पायरी म्हणजे लीगमधली शेवटची, तिथून घसरलं की लीगच्या बाहेर. मग टीव्ही नाही, प्रेक्षक पातळ, कामावरची माणसं कमी होतात. आयर्लंडमध्ये निम्म्या घरांत एखाद्या बड्या इंग्लिश क्लबची भक्ती असते. डेक्लनच्या घरी तर क्लबचा फोटो देवाच्या शेजारी होता. चौथ्या पायरीचा सामना वाट्याला आला तेव्हा त्याचं तोंड एवढंसं झालं. मला काय, मला सगळे सारखेच नवीन.

अशा क्लबांच्या सामन्यांना कॅमेरा एकच, तोही लांबून. हिवाळ्यात मैदानाचा चिखल होतो आणि मध्यंतरानंतर पाठीवरचे नंबर दिसत नाहीत. मग माणूस चालीवरून ओळखावा लागतो. मी सोयीसाठी त्यांना नावं ठेवली. अकरा नंबर सतत घाईत, तो लगबगे. सहा नंबर एक खांदा पुढे काढून तिरका धावायचा, तो वाकडे. गोलकीपर नव्वद मिनिटं ओरडायचा, तो शंकरराव. आणि पाच नंबर म्हणजे नाना. आमच्या कोथरूडच्या सोसायटीचे सेक्रेटरी नाना दोन्ही हात कमरेवर ठेवून पार्किंगमध्ये उभे राहायचे आणि कुणी गाडी कुठे लावावी ते सांगायचे. पाच नंबर तसाच. कप्तान, बचावाच्या मधोमध उभा, पस्तिशीला टेकलेला, धावायचं कमी आणि दुसऱ्यांना जागा दाखवायची जास्त. उंचावरून येणारा चेंडू डोक्यानं परतवणं हे त्याचं खरं काम, आणि त्यात त्याचा हात धरणारा त्या पायरीवर कुणी नव्हता.

ही नावं डेक्लननं उचलली. इथे कुठल्याही परक्या माणसाला "युअर मॅन" म्हणतात, आपण "तो गडी" म्हणतो तसं. पण सहा महिन्यांत डेक्लनचे सगळे गडी मराठी झाले. "युअर मॅन वाकडे पुन्हा झोपला," असं तो म्हणायचा. सोमवारी चहाच्या वेळी शेजारच्या टेबलवाले विचारायचे, नाना कसा आहे? घरी मी एखाद्या सामन्याची क्षणचित्रं बघत बसले की माझी लेक ईरा मागे उभी राहून, इथल्या मुलांसारखं आईला मॅम करत म्हणायची, "मॅम, हिज नेम इज नॉट नाना!" मी म्हणायचे, माझ्यापुरता आहे.

मी सांगतेय तो हंगाम वाईट होता. क्लब तळाशी, आणि जो काही तग धरून होता तो नानाच्या डोक्यावर. ऐन हिवाळ्यात एका सामन्यात तो चेंडूसाठी उडाला आणि समोरच्याचं कोपर त्याच्या डाव्या भुवईवर बसलं. रक्त आलं, पट्टी बांधली, तो उठला, खेळला. मी नोंद केली: झटापट, खेळ थांबला, खेळ सुरू. डेक्लन म्हणाला, "ही'ज ग्रँड," म्हणजे ठणठणीत आहे. इथे तुटलेल्या हाताची माणसंही ग्रँड असतात, म्हणून मी त्यावर विसंबले नाही, पण विसरलेही.

पुढे काही आठवड्यांनी चिखलातला एक सामना झाला. नंबर गेलेले. दुसऱ्या दिवशी तपासणाऱ्याकडून माझी फाइल परत आली. उत्तरार्धातले कितीतरी स्पर्श मी वाकडेच्या नावावर टाकले होते, ते पाच नंबरचे होते. अशी चूक नव्या मुलींकडून होते. मला चांगलंच झोंबलं. शंकरराव आणि लगबगे यांच्यात मी गोंधळले असते तर चाललं असतं, पण नानाला मी अंधारातही ओळखलं असतं.

मी चित्रफीत पुन्हा लावली. आणि पडद्यावर खरोखरच वाकडे धावत होता. उजवा खांदा पुढे, मान डावीकडे, तिरका. फक्त तो वाकडे नव्हता. वाकडे पलीकडे उभा होता. म्हणजे नाना त्याच्यासारखा धावायला लागला होता. पस्तीस वर्षांचा माणूस रातोरात चाल का बदलेल?

मग मी त्या कोपराच्या सामन्यापासूनचे सगळे सामने लावले आणि आधीचेही. आधीचा नाना नजर समोर ठेवून डावीकडचा चेंडू घ्यायचा, मान तसूभर हलायची. नंतरचा नाना सगळं अंग डावीकडे वळवायचा. उजवीकडून चेंडू आला तर पूर्वीसारखाच बिनचूक. डावीकडून उंच आला की उशिरा उडायचा, किंवा उडायचाच नाही, छातीवर घ्यायचा. एकदा तर आपलाच लगबगे डावीकडून आला आणि नाना दचकला. मी डेक्लनला दाखवलं. त्यानं दोनदा पाहिलं. "जीझस," तो म्हणाला, "युअर मॅनला त्या बाजूचं दिसत नाहीये."

मी डॉक्टर नाही. पण माझ्या आत्याच्या डोळ्याचा पडदा सुटला होता. तिलाही कळलं नव्हतं. दाराच्या चौकटीला आपटायची आणि चौकटीला दोष द्यायची. कळलं तोवर तो डोळा गेला होता. नानाचा डोळा असाच चालला असेल आणि तो दर शनिवारी त्यावर चेंडू झेलत असेल, या विचारानं मला जेवण जाईना.

घरी अभयला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, तू गुप्ततेचा एनडीए साइन केलायस. कप्तानाला दिसत नाही, ही माहिती बेटिंगवाल्यांसाठी सोनं आहे. तू कुणाला साधा मेसेज जरी टाकलास ना, तर उद्या नोकरी जाईल आणि परवा पोलीस येतील."

"आणि त्याचा डोळा?"

"त्याच्या क्लबात डॉक्टर असेल ना."

"डॉक्टर सगळे सामने रिवाइंड करून बघत नाही. ते मी बघते."

अभयनं ताट माझ्यापुढे सरकवलं. मग म्हणाला, "मग ऑर्लाला सांग. ऑफिशियली. पण लपूनछपून काही करू नकोस."

ऑर्लासमोर मी चित्रफिती मांडल्या. तिनं सगळ्या पाहिल्या. म्हणाली, "आपण काय झालं ते लिहितो, मंजिरी. का झालं ते नाही." मी म्हटलं, मी 'का' सांगतच नाहीये, हा माणूस डावीकडे वळतो, हेच झालंय, आणि हे कुणीच लिहिलेलं नाही. ती पेन्सिल फिरवत बसली. तिची अडचण मला समजत होती. कंपनीनं एखाद्या क्लबला खेळाडूबद्दल कानमंत्र दिला असं बाहेर गेलं, तर उद्या कुणीही आमच्यावर बोट ठेवेल. शेवटी ती म्हणाली, "मी वर विचारते. उत्तर मिळेल असं समजू नकोस. आणि यावर बाहेर एक शब्द नको."

त्यानंतरच्या शनिवारी नाना खेळला. मी आयुष्यात एवढी घाबरून कुठलाच सामना पाहिला नाही, आपल्या लोकांचे विश्वचषकाचे सुद्धा नाहीत. डावीकडून चेंडू उंच उडाला की माझी बोटं थिजायची. नोंदी मागे पडल्या, डेक्लननं आपलं सांभाळून माझेही स्पर्श टिपले. सामना बरोबरीत सुटला. नाना कमरेवर हात ठेवून उभा होता.

पुढच्या शनिवारी संघाची यादी आली तर त्यात पाच नंबरला दुसरंच नाव. ऑर्ला माझ्या टेबलावरून गेली, थांबली नाही, फक्त माझ्या खांद्याला हात लावून गेली. त्या आठवड्यात बातमी आली की कप्तानाच्या डोळ्याचं तातडीनं ऑपरेशन झालं. पडदा फाटला होता, आणखी थोडे दिवस गेले असते तर डोळा गेला असता. मंडळातल्या कुणाला यातलं काही सांगायची सोय नव्हती. मी ईराला घेऊन बाहेर जेवायला गेले आणि कारण विचारू दिलं नाही.

आता खरी गोष्ट अशी की नानाविना संघ म्हणजे खांब काढलेला मांडव. हरत गेले, हरत गेले. तिथल्या लोकांनी डोळ्याला दोष दिला, मॅनेजरला दिला, हवेला दिला. मग एके दिवशी डेक्लननं मला त्यांच्या गावच्या रेडिओवरची मुलाखत ऐकवली. नानाचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. माझ्या कल्पनेपेक्षा बारीक होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, डोळा वाचेल पण खेळ संपला. मुलाखत घेणारीनं विचारलं, वेळेत कळलं, नशीब म्हणायचं ना? तो म्हणाला, "कुणीतरी कुठेतरी पडद्यासमोर बसून क्लबला माझ्या चित्रफिती पाठवल्या आणि माझं फुटबॉल बंद केलं. मला कुणी विचारलं नाही. हंगाम पुरा करू दिला असता तर क्लब तरी वाचला असता. डोळ्याचं मी नंतर बघितलं असतं."

मला राग आला, आणि वाईटही वाटलं. आभार मानावेत अशी अपेक्षा नव्हती, पण शिवी खायचीही तयारी नव्हती. डेक्लन म्हणाला, "मीही तेच म्हटलं असतं." मी त्याच्याशी दिवसभर बोलले नाही. नंतर विचार केला तर माझ्या वडिलांनीही तेच म्हटलं असतं. गुडघा सुजलेला असताना ते पाच-पाच दिवस पंच म्हणून उभे राहिले आहेत आणि आईनं बाम लावू म्हटलं तर तिच्यावरच ओरडले आहेत.

आता ते काम मी करत नाही. आता कॅमेरेच माणूस ओळखतात, चिखल असो की धुकं. आमचा हॉल निम्मा रिकामा झाला तेव्हा मीही बाहेर पडले. कॅमेरे माझ्यापेक्षा कमी चुका करतात, हे मला मान्य आहे. मी त्या दिवशी चुकले नसते तर काय झालं असतं, ते मात्र कॅमेऱ्याला विचारण्यात अर्थ नाही.

त्या हंगामाचा शेवटचा सामना सांगायचा राहिला. क्लबला बरोबरी पुरेशी होती. हरले तर लीगच्या बाहेर. डेक्लन समोरच्या संघाच्या नोंदी करत होता, पण मनानं तो कधीच आमच्या बाजूला आला होता. उजव्या हातानं नोंद आणि डाव्या हातानं नखं खाणं चाललेलं. आमच्या क्लबच्या मैदानावर राखीव खेळाडूंची बाकं कॅमेऱ्याच्या समोरच्या बाजूला आहेत. त्या बाकांच्या मागे क्लबचा कोट घालून नाना उभा होता. कमरेवर हात.

सामना संपत आला तरी बरोबरी होती. चेंडू मैदानाच्या मध्यावर, नानाच्या उजव्या हाताला, तिथे चार-पाच जण झोंबत होते आणि सगळं मैदान तिकडेच बघत होतं. नानाही तिकडेच बघत होता. त्याच्या डाव्या हाताला, आमच्या गोलच्या बाजूला, समोरच्या संघाचा एक खेळाडू एकटाच सुटला. आमच्या एकाचंही लक्ष नव्हतं. माझंही नव्हतं. आणि मला दिसलं की नानाची मान उजवीकडेच आहे, आणि त्याचा डावा हात ताडकन उठून त्या सुटलेल्या माणसाकडे रोखला गेलाय. तो जिवाच्या आकांतानं ओरडत होता. त्या गोंगाटात त्याचं कुणाला ऐकू जाणार? लांब चेंडू आला, त्या माणसानं शंकररावांना चकवलं आणि गोल.

"दिसलं! दिसलं त्याला!" मी खुर्चीतून उठून मराठीत ओरडले. हॉलमधली सगळी डोकी वळली. ऑर्ला काचेपलीकडून उभी राहिली. मैदानात आमची माणसं चिखलात बसली होती आणि मी हसत होते.

डेक्लनचे डोळे भरलेले. "आपला क्लब बुडाला," तो म्हणाला, "आणि तू हसतेयस?"

मी त्याला चित्रफीत मागे नेऊन दाखवली. मान उजवीकडे, हात डावीकडे. त्यानं एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"आता दिसून काय उपयोग?" तो म्हणाला.

"घरी स्वतः गाडी चालवत जाईल," मी म्हटलं, आणि गोलची माझ्या बाजूची नोंद राहिली होती, ती पुरी केली.